कावळ्याचा ‘गि’ आणि मांजरबाईंचा ‘बि’

मांजर साडी नेसलेलं असेल तर ते कावळ्याला खाईल की नाही, या विषयावर आम्ही आठ-दहा शहाणीसुरती माणसं बेंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका काचेच्या खोलीत चांगले दोन तास भांडलो. त्यातले दोघं इंजिनीअर होते. एकीनं मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं. मी काय केलं होतं ते विचारू नका, पण माझा आवाज सगळ्यांत मोठा होता.

झालं होतं असं. मी कार्टून मालिकांचे मराठी संवाद लिहिते. आमच्या स्टुडिओची एक विनोदी मालिका आहे, कावळ्यांची. एका कॉलनीतल्या नारळाच्या झाडावर कावळ्यांचं एक कुटुंब राहतं आणि त्यातला म्हातारा, निवृत्त कावळा अख्ख्या कॉलनीच्या भानगडींत चोच घालतो. ती आधी कन्नडमध्ये बनते, मग मी तिचं मराठी करते. त्याच मराठी चॅनेलवर पुण्यात तयार होणारी दुसरी एक मालिका लागते, मांजरांची. तिच्यातली मांजरबाई नऊवारी नेसून किराणा दुकान चालवते आणि येईल त्या गिऱ्हाइकाचा अपमान करते. चॅनेलच्या मुंबईच्या साहेबांना एक दिवस सुचलं की या दोघांना एका भागात आणू या. क्रॉसओव्हर! आमचा कावळा त्यांच्या दुकानात जाणार.

मी तर खुर्चीतून उडालेच. लहानपणी एका कार्टूनमधलं कुणी दुसऱ्या कार्टूनच्या दारात येऊन उभं राहिलं की मी अक्षरशः टाळ्या पिटायचे. शेजारच्या काकू आपल्या चपला घालून चुकून गणिताच्या तासाला येऊन बसाव्यात, तसं काहीतरी वाटायचं. आणि आता तो प्रकार मीच लिहायचा होता. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे दोन मालिकांची सोयरीकच की गं ही. आता बघ, मानपान सुरू होतील.”

झालेही. आमच्या मालिकेत मांजर म्हणजे चार पायांवर चालणारं, मुकं आणि कावळ्यांचं वैरी. त्यांच्या मालिकेत मांजरं चष्मे लावतात, पेपर वाचतात, आणि कावळे म्हणजे तारेवर बसलेले काळे ठिपके. मग या दोघांनी एकमेकांकडं बघायचं कसं? आमचा दिग्दर्शक म्हणाला, “कावळा घाबरणार. त्याच्या दृष्टीनं ते मांजरच.” पुण्याची मंडळी व्हिडिओ कॉलच्या पडद्यावरून कडाडली, “आमच्या बाई साडी नेसतात! गिऱ्हाइकाला खात नाहीत!” मग कावळा आधी कुणाला ‘अहो’ म्हणणार, मांजरबाई त्याला ‘तुम्ही’ म्हणतील की ‘तू’, दुकानाचं दार कावळ्याच्या मापाचं की कावळा दाराच्या मापाचा, एक ना दोन. आमच्या कावळ्याची रेघ जाड, त्यांच्या मांजरीची बारीक. पुण्याचा एक जण म्हणाला, “तुमचा कावळा आमच्या दुकानात आला की डांबर सांडल्यासारखा दिसतो.” मी म्हटलं, “आणि तुमच्या बाई पुसत आलेल्या दिसतात!” इतकं हसलो आम्ही भांडताना की खालच्या मजल्यावरनं निरोप आला, जरा हळू.

तर हे सगळं मजेत चाललेलं असताना मला मात्र एक काळजी होती. कारण त्या म्हाताऱ्या कावळ्याचा मराठी आवाज म्हणजे माझे वडील.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. आम्ही तीन पिढ्या बेंगळुरूमध्ये, घर बनशंकरीला. अण्णांनी एका सरकारी कारखान्यात जन्मभर इंजिनीअर म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर घरात असा काही उच्छाद मांडला की विचारता सोय नाही. मसाल्याच्या डब्यांवर क्रमांक टाकले. पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक भिंतीवर लावलं. आई म्हणायची, “यांना कुणीतरी घेऊन जा गं.” म्हणून मी घेऊन गेले. आमच्या मराठी कावळ्याचा घसा बसला होता आणि चोचीची वेळ जुळते का ते बघायला कुणाचा तरी तात्पुरता आवाज हवा होता. अण्णा माईकसमोर उभे राहिले, संहिता लांब धरली, आणि पहिलंच वाक्य असं काही खेकसले की तांत्रिक मुलगा खुर्चीवरून घसरला. तात्पुरता आवाज कायमचा झाला. तेव्हापासून दर गुरुवारी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून बसनं इलेक्ट्रॉनिक सिटीला येतात. मी त्यांना अण्णा म्हणते, दारावरचा रखवालदार अण्णा म्हणतो, कॅन्टीनवाला अण्णा म्हणतो. इथं ‘अण्णा’ म्हणजे दादा, त्यामुळं सगळ्या इमारतीला ते आपलेच वाटतात. निवृत्त माणूस पुन्हा कामाला लागला की त्याच्या चालीत जो काही फरक पडतो, तो मी बघितलाय. मला तो फार आवडतो.

आता गोम अशी. अण्णांचं मराठी बेंगळुरूचं आहे. त्यात ‘स्वल्प’ आहे, म्हणजे ‘थोडं’, ‘सरी’ आहे, म्हणजे ‘बरं’, आणि आश्चर्य वाटलं की ‘हौदा?’ आहे, म्हणजे ‘हो का?’. हे सगळं चालून जातं. पण एक गोष्ट आहे जी पुण्यामुंबईच्या माणसाला ऐकल्याऐकल्या गुदगुल्या करते. तुम्ही म्हणता चहाबिहा. आम्ही म्हणतो चहागिहा. तुमचं लग्नबिग्न, आमचं लग्नगिग्न. तुमच्याकडं पाऊसबिऊस पडतो, आमच्याकडं पाऊसगिऊस. कन्नडमध्ये असं जोडीचं बोलताना ‘गि’च लावतात, तो आमच्या मराठीत येऊन बसला. घरात मला तो कधी खटकला नाही, कारण तो तिथं आहे हेच मला माहीत नव्हतं.

मला कळलं ते पुण्यात, कॉलेजला गेल्यावर, पहिल्याच दिवशी. मेसच्या दारात उभी राहून मी विचारलं, “इथं जेवणगिवण कुठं मिळतं?” रांगेतल्या सगळ्या मुली अशा काही हसल्या की एकीच्या हातातलं ताट पडलं. पुढची तीन वर्षं माझं नाव ‘गिवण’. “ए गिवण, येतेस का?” प्रेमानंच म्हणायच्या, चांगल्या मुली होत्या. पण मी महिन्याभरात ‘गि’ गिळून टाकला. आरशासमोर उभी राहून चहाबिहा, वहीबिही, परीक्षाबिरीक्षा घोकलं. आज मी अशी साफ ‘बि’ बोलते की पुण्याची माणसं विचारतात, “तुम्ही मूळच्या कुठल्या पेठेतल्या?”

क्रॉसओव्हरची संहिता तयार झाली तेव्हा चॅनेलच्या साहेबांची मेल आली. मेल साधीच होती. या भागावर पुढच्या वर्षीचं सगळं ठरणार आहे, दोन्हीकडचे प्रेक्षक बघतील, तेव्हा कावळ्याची भाषा महाराष्ट्रातल्या मुलांना नीट कळेल एवढं बघा. गरज पडली तर पुण्यात एक चांगले कलाकार आहेत, ते कावळा करतील. इतकंच. ‘गि’ काढा असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. तरी ते शेवटचं वाक्य मी चारदा वाचलं. एकदा पुण्याच्या माणसानं कावळा केला की तो कावळा पुण्याचाच राहणार. मग अण्णांचा गुरुवार संपला. ते परत मसाल्याच्या डब्यांकडं.

आणि मी काय केलं? मी बसले आणि संहितेत कावळ्याच्या तोंडी नेहमीसारखे घातलेले सगळे ‘गि’ शोधून त्यांचे ‘बि’ केले. एकेक करून. अण्णांना म्हटलं, “चॅनेलला असं हवंय.”

हे मी धडधडीत खोटं बोलले.

अण्णांनी चष्मा लावून पानं चाळली. “सगळीकडं ‘बि’?”

“सगळीकडं.”

“सरी,” म्हणाले आणि पेन्सिलीनं प्रत्येक ‘बि’खाली रेघ मारायला बसले. इंजिनीअर माणूस. हाती घेतलं की तडीस नेणार.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात जे झालं ते मी कुठल्याही मालिकेत घातलं असतं तर लोक म्हणाले असते, अती झालं. अण्णांनी ठरवलं की नुसतं माईकसमोर ‘बि’ म्हणून भागणार नाही, जिभेला वळण लागलं पाहिजे. सकाळी उठल्यापासून सुरू. “पेपरबिपर आला का? दूधबिध तापलं का?” इथपर्यंत ठीक होतं. पण जीभच ती. तिला एकदा सांगितलं ‘गि’ वाईट, तर ती सरसकट सगळे ‘गि’ हाकलायला लागली. तिसऱ्या दिवशी अण्णा दळणाचा डबा उचलून म्हणाले, “मी बिरणीत जाऊन येतो.”

आई म्हणाली, “कुठं?”

“बिरणीत. पीठ आणायला.”

आईनं हातातली पळी खाली ठेवली. अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “हसून दाखवा.” त्यांना कळेना. “हसा म्हणते ना! आता दोन्ही हात वर करा. अगं ये गं इकडं, यांना झटका आलाय, जीभ वळत नाहीये, डॉक्टरला फोन लाव!” अण्णा दळणाचा डबा काखेत घेऊन दोन्ही हात वर करायचा प्रयत्न करतायत, डबा खाली पडतोय, गहू घरभर, आणि मी दाराच्या चौकटीला धरून हसतेय. आईला खरं कारण सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. ती साताऱ्याची. लग्न होऊन इथं आली, तिला ‘गि’ही येतो आणि ‘बि’ही, पाहुणे बघून बोलते. म्हणाली, “इतकी वर्षं मी काही बोलले नाही, आणि आता हे कुठलं खूळ?”

खूळ वाढतच गेलं. जेवताना म्हणाले, “घास नीट चावून बिळावा.” खिडकीतून घार बघून म्हणाले, “ते बघ बिधाड.” शेजारच्या डॉक्टरांच्या अक्षराला बिचमीड म्हणाले. मी दुरुस्त करायचे, “अण्णा, तिथं ‘गि’च आहे.” मग ते वैतागायचे. “कुठं आहे आणि कुठं नाही हे कसं ओळखायचं? काही नियमगियम... नियमबियम आहे का नाही तुमच्यात?” ‘तुमच्यात’ म्हणाले. मला ते लागलं, पण मी हसण्यावारी नेलं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी मांजरबाईंचा आवाज देणाऱ्या बाई सकाळच्या विमानानं पुण्याहून आल्या. अण्णांच्याच वयाच्या, बारीक, कॉटनची साडी, आणि नाकावर चष्मा असा की दुकानातल्या मांजरीला त्यांच्यावरूनच काढलं असावं. आमचा दिग्दर्शक कानडी. त्याला मराठी निम्मं कळतं, उरलेलं तो चेहऱ्यावरून ओळखतो. त्याचा हट्ट होता की दोघांना समोरासमोर उभं करून आवाज घ्यायचा. एरवी अण्णा आधी तयार झालेल्या चित्रातल्या चोचीत शब्द बसवतात. या भागात उलटं होतं, आधी आवाज आणि मग त्याबरहुकूम चित्र. म्हणजे समोर नुसती बाई, पडद्यावर काही नाही.

अण्णांनी बाईंना नमस्कार केला आणि अगदी घोटून म्हणाले, “प्रवासबिवास नीट झाला ना?” बाई म्हणाल्या, “झाला हो.” अण्णांनी काचेतून माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी अंगठा वर केला. काय बाई माझा अंगठा.

पहिली दोन पानं झाली. अण्णा एकही ‘बि’ चुकले नाहीत. सगळं व्याकरणशुद्ध आणि स्वच्छ. आणि सांगू? एकदम मेलेलं. आमचा तो भांडखोर म्हातारा कावळा निवडणुकीच्या कामावर आलेल्या मास्तरांसारखा बोलत होता. दिग्दर्शकानं माझ्याकडं वळून विचारलं, “अण्णांना बरं नाही का?” मला संहितेत तोंड लपवावंसं वाटलं. आवाज तोच, माणूस गायब.

मग ते पान आलं. कावळा दुकानात येतो, मांजरबाई वहीतून डोकं वर न काढता विचारते, “कोण तुम्ही?” आणि कावळ्यानं ऐटीत म्हणायचं, “मी गिऱ्हाईक आहे!”

अण्णांनी श्वास घेतला. छाती फुगवली. आणि म्हणाले, “मी बिऱ्हाईक आहे!”

बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि मांजरीच्याच आवाजात, एक मात्राही न चुकवता म्हणाल्या, “बिऱ्हाड थाटायचंय? वर जागा नाही. पोत्यांत राहायचं असेल तर बघा.”

संपलं. तांत्रिक मुलगा टेबलावर डोकं ठेवून हुंदके दिल्यासारखा हसत होता. दिग्दर्शकाला काहीच कळलं नव्हतं, तरी तो सगळ्यांत जोरात हसत होता. बाई पोट धरून स्टूलवर बसल्या. मला हसून हसून उचकी लागली. आणि त्या सगळ्या गोंधळात मी बघितलं, अण्णा हसत नव्हते. त्यांनी हेडफोन काढले, संहितेचं पान जवळ धरलं आणि पेन्सिलीनं त्या ‘गि’भोवती गोल करून स्वतःशीच म्हणाले, “हा ‘गि’ खरा होता तर.” माझं हसू जिथल्या तिथं थांबलं.

बाईंनी डोळे पुसले. “काय हो, तुम्ही घरी असंच बोलता?”

“नाही,” अण्णा म्हणाले. “घरी आम्ही चहागिहा म्हणतो. सगळंच गि. हे मी शिकून आलोय.”

“कशाला?”

“तुमच्याकडं बि चालतो म्हणून.”

बाई उठून उभ्याच राहिल्या. “अहो, बि माझा आहे! मी बि म्हणणार आणि तुम्हीही बि म्हणणार, म्हणजे दुकानात दोन मांजरं झाली की हो. मग कावळा कुठाय? मी पुण्याहून इथवर आले ती माझंच बोलणं ऐकायला का? तुम्ही तुमचा गि आणा. त्याशिवाय मला भांडायला गंमत यायची नाही.” मग काचेकडं वळून म्हणाल्या, “हे बि कुणी घातले?”

दिग्दर्शकानं माझ्याकडं बघितलं. तांत्रिक मुलानं बघितलं. अण्णा मात्र लगेच म्हणाले, “चॅनेलनं. तिचा काही दोष नाही. मी बि करतो नीट, आणखी एक टेक द्या. पंधरा दिवस घोकलंय, असं वाया कसं घालवू?” आणि त्यांनी हेडफोन परत डोक्यावर चढवले. जिद्दी माणूस. ते खरंच करत राहिले असते, संध्याकाळपर्यंत.

मी दार ढकलून आत गेले. माईक चालू होता की बंद, तेही बघितलं नाही.

“अण्णा, चॅनेलनं नाही सांगितलं. मी घातले.”

“हौदा?” ते म्हणाले. मग थांबून, “का?”

“ते पुण्याचा कावळा आणतील अशी भीती वाटली.” हे अर्धंच खरं होतं आणि मला ते कळत होतं. “आणि लाज वाटली. लोक हसतील म्हणून. कॉलेजात मला हसले होते ना, तसं तुम्हाला हसतील म्हणून.”

“माझी लाज वाटली?”

“तुमची नाही हो. आपल्या बोलण्याची.”

“ते एकच झालं की गं.”

मला रडू कोसळलं. इतक्या मोठ्या बाईनं असं लोकांसमोर रडू नये, पण रडले. बाई पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात गेल्या आणि झाकण उघडत असल्याचं सोंग करत उभ्या राहिल्या.

अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “तुझ्या आईला बघायला साताऱ्याला गेलो तेव्हा,” ते म्हणाले, “तिची आई पोहे घेऊन आली. मी म्हटलं, पोहेगिहे कशाला, बसा तुम्ही. घर हसलं सगळं. काका हसले, आत्या हसली, स्वयंपाकघरातनं सुद्धा आवाज आला. आणि सगळ्यांत जास्त कोण हसलं माहीत आहे? तुझी आई. पदर तोंडात कोंबून. म्हणून तर होकार दिला मी. म्हटलं, इतकी हसणारी मुलगी घरात पाहिजे.” त्यांनी चष्मा परत लावला. “अगं, विनोदी मालिका आहे ना ही? मग लोक हसले तर गिघडलं कुठं?”

‘गिघडलं’ म्हणाले. उलटी गाडी सुरू झाली होती! बाईंनी तोंडातलं पाणी फवारलं. मी रडता रडता फसकन हसले आणि माझं नाक... जाऊ दे, ते नको सांगायला. अण्णा स्वतःही हसले, पहिल्यांदाच त्या दिवशी, खांदे हलवून, आवाज न करता.

मग त्यांनी संहिता मिटून स्टुलावर ठेवली. “कागद नको आता,” बाईंना म्हणाले. “तुम्ही बोला, मी बघतो.”

मी काचेच्या बाहेर येऊन उभी राहिले. आणि मग जे सुरू झालं, त्यातली एक ओळसुद्धा मी लिहिलेली नाही.

“काय हवं?” मांजरबाई.

“साखरगिखर आहे काय?” कावळा असा खेकसला की मीटरवरचा काटा सरकला.

“साखरबिखर आहे. साखरगिखर आम्ही ठेवत नाही.”

“हौदा? मग साखर द्या, आणि गिखर मागवून ठेवा. गुरुवारी येतो.”

“उधारबिधार मिळणार नाही हं.”

“उधारगिधार कोण मागतंय? मी कावळा आहे, उचलून नेतो!”

एकमेकांच्या वाक्यावर वाक्य, श्वास घ्यायला जागा नाही. दोघं माईक सोडून एकमेकांकडं झुकले होते, बाईंचा पदर स्टँडला अडकला होता, अण्णांचा एक हात पंखासारखा उडत होता. तांत्रिक मुलगा दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता. असा आनंद मला शेवटचा कधी झाला होता आठवत नाही. उड्या माराव्याशा वाटत होत्या आणि मारल्या, दोन-तीन.

मला उडताना बाईंनी काचेतून पाहिलं असावं. कारण त्या मांजरीच्या आवाजात, जरा संशयानं म्हणाल्या, “आणि ही तुमच्याबरोबर कोण?”

संहितेत कावळा एकटाच येतो. बरोबर मुलगीबिलगी कुणी मी लिहिलीच नव्हती. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही, माईककडंच बघत राहिले. मग त्या म्हाताऱ्या कावळ्याच्या खरखरीत आवाजात म्हणाले, “ही माझी मुलगी. हिला दोन्ही येतं. आपलं कुठं जुळलं नाही तर हिला विचारा.”

दिग्दर्शकाला निम्मंच कळलं होतं. तो माझ्याकडं वळला आणि कन्नडमध्ये विचारलं, “एन् हेळिद्रु?” काय म्हणाले ते?

मी तोंड उघडलं. कन्नडही आठवेना आणि मराठीही फुटेना. शेवटी मी नुसती मान हलवली, आणि त्यानं तो टेक ओके केला.